बावीस मिनिटं गप्प

माझा नवरा वेन्सिल सत्तावीस वर्षं आमच्या लिपा गावच्या हॉलमध्ये नाच पुकारायचा. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहिल्या, शेजारच्या ल्यूमीरने अकॉर्डियन फुगवला, की वेन्सिल माइकपाशी जाऊन सांगायला लागायचा: जोडीला वाका, कोपऱ्याला वाका, उजवा हात द्या नि पुढे सरका. तो सांगेल तसं सगळ्यांनी फिरायचं. मधे मधे तो स्वतःच्या पदरचं घालायचा. ‘ओटो रे ओटो, बूट तुझा बरा, पाय मात्र खाली रोझीचा खरा.’ लोक नाचायला येत, पण अर्धे तरी आपलं नाव कधी निघतंय ते ऐकायला येत.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात ओमाहाच्या डॉक्टरांनी त्याच्या गळ्यातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली, नि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. जीव वाचला, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. पण घरी आला तो वेगळाच माणूस आला. हॉस्पिटलने त्याला टॉर्चसारखं एक यंत्र दिलं होतं, हनुवटीखाली दाबून ओठ हलवले की गुणगुणल्यासारखे शब्द निघत. नाताळात त्याने ते एकदाच वापरलं. ल्यूमीरचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला. वेन्सिलने यंत्र मोज्यांच्या खणात टाकलं आणि तेव्हापासून खिशात वही नि पेन्सिल ठेवायला लागला. वहीत तो दोन-तीन शब्दच लिहायचा. ‘मीठ दे.’ ‘पाऊस येईल.’ हॉलकडे फिरकला नाही. तिथे रेकॉर्ड लावून नाच चालले होते. रेकॉर्डमधला टेक्सासचा कोणी माणूस पुकारायचा, नि तो आमच्यापैकी कुणालाच ओळखत नव्हता.

जानेवारीत आमच्या मार्सेलाने लिंकनहून तिचा जुना कॉम्प्युटर आणून टीव्हीला जोडून दिला. “बाबा टाइप करतील, तू टीव्हीवर वाच,” ती म्हणाली. वेन्सिलने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र शाळेच्या ऑफिसात एकोणीस वर्षं टायपिंग केलेली बाई, माझी बोटं शिवशिवायला लागली. कॉम्प्युटरबरोबर रबराच्या दोन वाट्या असलेलं एक खोकं होतं. फोन फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर त्या वाट्यांत दाबून बसवायचा, म्हणजे दोन कॉम्प्युटर एकमेकांशी शिट्ट्यांनी बोलतात. त्यासाठीची डिस्क वेगळी होती, नि लोकांनी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर निरोपांचे, प्रोग्रामांचे फळे मांडलेले असत, त्यांतल्या कुठे कुठे फोन करता येईल याची एक यादी मार्सेलाने दिली होती. त्या यादीत एक ओळ होती: अँगस्ट्रॉमचा फळा, डलूथ, मिनेसोटा. बोलणारे प्रोग्राम.

बोलणारे.

मी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि वेन्सिलला काही सांगितलं नाही.

पहिल्यांदा फोन लावला तेव्हा टीव्हीवर एकेक अक्षर उमटत फळ्याची यादी आली, आणि मी ती वाचत असतानाच मधेच कोणीतरी टाइप करायला लागलं.

“नमस्कार. मी लोवेल. हा फळा माझ्या तळघरात असतो. तुम्ही नवीन दिसता.”

मी सांगितलं कोण, कुठली, काय हवंय. लोवेलने लिहिलं, “तो प्रोग्राम मी माझ्या बहिणीसाठी लिहिला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून इंगाची वाचा गेली होती. आता ती टाइप करते नि कॉम्प्युटर बोलतो. दिवसभर मला टोमणे मारते. मला पश्चात्ताप होतोय.”

मी एकटीच हसले. मग विचारलं, “यातून नाच पुकारता येईल का?”

मग उत्तर आलं, “माहीत नाही. आजवर कोणी केलेलं नाही. फाइल घ्या, करून बघा, मला कळवा.”

फाइल घेणं म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. फाइल दोनशे चव्वेचाळीस तुकड्यांची. एक तुकडा येतो, आपला कॉम्प्युटर त्याची बेरीज जुळते का बघतो. जुळली तर ‘पुढचा दे’ म्हणतो, नाही जुळली तर ‘तोच परत दे’. एकाच तुकड्यावर दहा वेळा चूक झाली की दोन्हीकडचे हात टेकतात, आणि मग पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात. सगळं सुरळीत झालं तर बावीस मिनिटं.

पण आमच्या रस्त्यावर चार घरांत मिळून फोनची एकच लाइन. आमच्यासाठी दोन लांब नि एक आखूड घंटी, ओटो आणि रोझी सेडलाचेकसाठी तीन आखूड, ल्यूमीरची एक लांब, आणि टेटा ओटिलीची दोन आखूड. टेटा एक्क्याऐंशी वर्षांची, तशी कुणाची सख्खी मावशी नव्हे, पण सगळा गाव तिला टेटाच म्हणतो. तिची घंटी वाजो न वाजो, ती फोन उचलायचीच.

गुरुवारी दुपारी वेन्सिल शेडमध्ये ट्रॅक्टर खोलून बसला होता, तेव्हा मी पहिला प्रयत्न केला. खोलीतला आवाज वाट्यांत शिरू नये म्हणून वर पिसांची रजई घातली. एकसष्टाव्या तुकड्याला ओटोने गुरांच्या डॉक्टरला बोलवायला फोन उचलला. टीव्हीवर चुकीची खूण आली, पुन्हा आली, दहा झाल्या आणि सगळं थांबलं.

रविवारी मी डोकं दुखतंय असं सांगून घरी राहिले. सगळा रस्ता चर्चमध्ये असणार, लाइन मोकळी. शंभर झाले, दीडशे झाले. एकशे नव्वदाव्या तुकड्याला मी अगदी खुर्चीच्या टोकावर आले होते, आणि नेमक्या तेव्हा चुका पडायला लागल्या. टेटा ओटिलीचे गुडघे धरले होते, म्हणून तीही घरीच होती.

मी रिसीव्हर वाट्यांतून काढून ठेवला नाही तोच घंटी वाजली. दोन लांब, एक आखूड.

“अल्बिना, लाइनमध्ये मांजर अडकलंय,” टेटा म्हणाली.

“मांजर नाही, टेटा.”

“किंचाळतंय बिचारं. मी हॅलो म्हटलं तर आणखी किंचाळलं. कंपनीला फोन करू का?”

मी काय करणार? सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, “कुणाला बोलू नकोस. वेन्सिललाही माहीत नाही.”

“माझ्या पोटातून शब्द बाहेर जायचा नाही,” टेटा म्हणाली.

चर्च सुटल्यावर अर्ध्या तासात रोझी आमच्या दारात उभी होती, हातात खसखशीच्या कोलाचेंचं, म्हणजे आमच्या गोड पावांचं, ताट. “काय गं, वेन्सिल परत पुकारणार म्हणे?” तिने विचारलं. आणि वेन्सिल तिच्या मागेच, जॅकेट काढत उभा.

रोझी गेल्यावर त्याने वही काढली. ‘मला विचारलंस?’

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.”

‘हो.’

“म्हणून नाही विचारलं.”

त्याने वही मिटली. थोड्या वेळाने पुन्हा उघडून लिहिलं, ‘मी काय पत्र्याच्या डब्यासारखा बोलू?’ नि शेडमध्ये निघून गेला. मला रडू आलं नाही, पण बटाटे सोलताना साली जरा जाडच निघाल्या.

संध्याकाळी टेटाचा पुन्हा फोन आला. आवाजात लाज वगैरे काही नाही. “मी विचार केलाय. मंगळवारी दोन वाजता आम्ही सगळे तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. घरी कोणी नसलं की फोन उचलणार कोण?”

“तू नुसता न उचलण्याचं वचन दिलंस तरी पुरे, टेटा.”

“माझा माझ्यावर भरवसा नाही. मला तुझ्या डोळ्यांसमोर बसव.”

मंगळवारी दोनला ओटोने टेटाला पिकअपमधून आणलं. रोझी आली, ल्यूमीर आला. ल्यूमीर आयुष्यभर बिनलग्नाचा, कमी बोलणारा, त्यामुळे त्याची मला काळजी नव्हती. ओटोची होती. त्याचा साधा श्वासही शेजारच्या शेतात ऐकू जातो. मी ल्यूमीरच्या कुत्र्याला गोठ्यात बांधलं, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, फ्रिजचा प्लग काढला, आणि सगळ्यांना टेबलाभोवती बसवून सांगितलं, “आता बावीस मिनिटं कोणी बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, कपबशी वाजवायची नाही. हे खोकं सगळं ऐकतं.”

“खायचं चालेल?” ओटोने विचारलं.

“मऊ असेल तर.”

लोवेलला फोन लावला. शिट्टी आली, रिसीव्हर वाट्यांत बसला, रजई वर आली. टीव्हीवर आकडे सरकायला लागले. एक. दोन. तीन.

चार माणसं गप्प बसलेली मी प्रार्थनेतसुद्धा पाहिली नव्हती. सगळे टीव्हीकडे बघत होते, जसं काही तिथे बेसबॉल चाललाय. चाळीसला ओटोने कोलाचे उचलला आणि इतक्या हळू चावला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐंशीला टेटाने माळ काढली, पण मणी वाजतील म्हणून पुन्हा खिशात ठेवली. शंभर झाले तेव्हा रोझीने माझा हात धरला.

एकशे बेचाळीसला मागचं दार उघडलं. वेन्सिल. बुटांना चिखल, हातांना ग्रीस. पाचही जणांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

तो दारातच थांबला. आमच्याकडे बघितलं, रजईकडे बघितलं, पुन्हा ओठांवरच्या पाच बोटांकडे. मग त्याचे खांदे हलायला लागले. आम्ही त्याला गप्प राहायला सांगत होतो. त्या खोलीत गप्प बसण्यात पटाईत असा तो एकटाच होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. नोव्हेंबरनंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. गळ्यावरच्या फडक्यातून नुसता वारा येत होता.

त्याने बूट काढले, पावलं न वाजवता आला, माझ्या शेजारी बसला. आकडे बघितले. मग खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि रोझीसमोर धरलं.

रोझीने ते वाचलं आणि ॲप्रन तोंडात कोंबला.

मी त्याला कोपर मारलं. त्याने पान उलटलं, पुन्हा लिहिलं, आता ल्यूमीरला दाखवलं. ल्यूमीर, ज्याला मी दगड समजत होते, तो नाकातून फुर्र करून हसला. टीव्हीवर चुकीची खूण आली. एकशे एकाहत्तरावा तुकडा परत. पुन्हा चूक. रोझीचे खांदे उडत होते, ओटो विचारल्यासारखा भुवया उडवत होता, टेटा वही आपल्याकडे कर म्हणून हाताने खुणावत होती. तिसरी चूक. चौथी.

मी वेन्सिलकडे बघितलं. मला वाटतं चाळीस वर्षांत मी त्याच्याकडे तसं कधी बघितलं नसेल. त्याने वही उघडून एकच शब्द लिहिला, ‘सॉरी’, आणि ती बुडाखाली घालून वर बसला. सगळ्यांनी श्वास रोखला. एकशे एकाहत्तर जुळला. एकशे बहात्तर.

दोनशेनंतर कोणी हललं नाही. दोनशे चाळीसला ओटो आकडे ओठांनी मोजत होता. दोनशे चव्वेचाळीस. टीव्हीवर ‘पूर्ण’ असं आलं, आणि तरी आम्ही तसेच बसून राहिलो.

“आता बोलू?” टेटाने कुजबुजत विचारलं.

“बोल.”

“वहीत काय लिहिलं होतं?”

एवढा गलका झाला की गोठ्यात कुत्रा भुंकायला लागला. (रोझीला लिहिलं होतं ते टेटाबद्दल होतं, नि ते आजही कोणी टेटाला सांगितलेलं नाही.) पलीकडून लोवेलने टाइप केलं, “मिळाली का?” मी उत्तर दिलं, “मिळाली. घरात पाच जण गप्प बसले होते.” त्याने लिहिलं, “इंगा म्हणते, तिच्या भावाला ही कला शिकवा.”

प्रोग्राम चालू केला. मी खुर्चीवरून उठले आणि वेन्सिलकडे बघितलं. त्याने हात पँटला पुसले, बसला, एका बोटाने अक्षरं शोधत राहिला. कोणी घाई केली नाही. मग त्याने कळ दाबली, आणि दोनेक सेकंदांनी टीव्हीतून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला.

“ओटो, शेवटचा कोलाचे खाली ठेव.”

ओटोने खाली ठेवला.

पुढचे तीन आठवडे शेडमधला ट्रॅक्टर खोललेलाच राहिला. प्रोग्राम लिहिलेलं जसंच्या तसं वाचायचा, आणि आमच्या वाडवडिलांची बोहेमियातली नावं त्याच्या जिभेवर बसेनात. सेडलाचेकचं तो ‘सेड लाच एक’ करायचा. वेन्सिल एकेक नाव मोडून, वाकडंतिकडं लिहून बघायचा, ते नीट वाजेपर्यंत. मजकुरात कुठे तारा (*) टाकला की यंत्र क्षणभर थांबतं हे लोवेलने कळवलं, तेव्हापासून तो ताऱ्यांच्या मागे लागला. किती तारे म्हणजे अकॉर्डियनचा एक ठेका, ते ल्यूमीर रोज दुपारी येऊन वाजवून देत बसायचा. मला दिवसभर ऐकू यायचं: उजवा हात, उजवा हात, उजवा हात. मी एकदा म्हटलं, “आता डावाही दे बाबा.” तर टीव्ही म्हणाला, “अल्बिना, कॉफी.”

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी ओटोने कॉम्प्युटर नि टीव्ही ब्लँकेटात गुंडाळून हॉलवर नेला. आम्ही वीस-पंचवीस माणसं धरून चाललो होतो. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. टेटाने लाइनवर बसून तीन तालुक्यांत कळवलं होतं.

वेन्सिल स्टेजवर चढला. टीव्हीसमोर माइक लावला. नेहमीचा लाल रुमाल त्याने या वेळी गळ्याच्या भोकावर बांधला होता. टाळ्या थांबेनात, तशी त्याने कळ दाबली.

“बसा खाली, नाहीतर नाचा. मधेच उभं राहायचं नाही.”

हॉल हसला. सुरुवातीची जराशी भीती, लोकांची आणि माझी, त्या हसण्यात गेली. ल्यूमीरने अकॉर्डियन ओढला, चौकोन झाले, आणि टीव्हीने सांगायला सुरुवात केली: जोडीला वाका, कोपऱ्याला वाका. पहिल्या फेरीला यंत्र जरा मागे पडायचं, वेन्सिल दोन ठेके आधी कळ दाबायचा नि बुटाने ताल धरायचा. दुसऱ्या फेरीत त्याचं बोट चुकून एकाच कळेवर दोनदा पडलं, सगळे चौकोन दुप्पट फिरले आणि मधोमध एकमेकांवर आदळले. रोझी जमिनीवर बसून हसत होती. टीव्ही शांतपणे म्हणाला, “ओटो रे ओटो, बूट तुझा बरा, पाय मात्र खाली रोझीचा खरा.”

त्यानंतर कुणालाच तो डबा वाटला नाही. निदान मला तरी. आवाज डब्याचाच होता, पण बोलत वेन्सिल होता.

मी मागे कॉफीच्या टेबलाशी होते. नाचाच्या दिवशी माझी जागा तीच. पुकारणारा स्टेजवर असतो, त्यामुळे पुकारणाऱ्याची बायको कॉफी ओतते, केक कापते आणि दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे कोट सांभाळते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला वेळच नसायचा. चौथी फेरी जमत होती, मी कपात दूध घालत होते, आणि वर बघते तर वेन्सिल टेबलापलीकडे उभा. माझ्यासमोर वही.

‘चार मिनिटांचं सगळं भरून ठेवलंय. चल.’

“आणि कॉफी?”

त्याने भांडं माझ्या हातातून काढून टेटाच्या हातात दिलं. टेटाने एवढ्या तत्परतेने घेतलं, की यात तीही सामील आहे हे मला कळलं.

एका चौकोनात एका जोडीची जागा मोकळी ठेवली होती. अकॉर्डियन सुरू झाला आणि रिकाम्या स्टेजवरून टीव्ही पुकारायला लागला. मी वाकले, तोही वाकला. त्याच्या हातांना अजून ग्रीसचा वास होता. सत्तावीस वर्षं मी ते सगळं नुसतं ऐकलेलं, पाठ असलेलं, पण पायांना काय माहीत? पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्यात मी ओटोवर धडकले. मग उजवा हात द्यायचा आला, मी गडबडून डावा पुढे केला, आणि समोरच्या माणसाने तो कुठे धरावा ते त्याला कळेना.

स्टेजवरून आवाज आला, “अल्बिना. तो दुसरा उजवा हात.”

सगळा हॉल थांबून हसला. मी वेन्सिलकडे वळून बघितलं. त्याने आठवडाभर आधी घरी बसून, तारे मोजून, मी नेमकी कुठे चुकणार ते हेरून ठेवलं होतं. खांदे हलत होते त्याचे, लाल रुमाल उडत होता.

“घरी चल, मग बघते तुला,” मी म्हटलं, आणि दुसरा उजवा हात दिला.